त्या दिवशी धोंडूने अफू खाल्ली नव्हती

दवाखान्यातल्या गमतीजमती लिहून पाठवा, असं संपादकांचं पत्र आलं. गमती पुष्कळ आहेत. श्रीवर्धनला गणपुले डॉक्टरांकडे मी चौदा वर्षं कंपौंडर होतो. कंपौंडरला माणसांच्या ज्या गमती कळतात त्या डॉक्टरलाही कळत नाहीत. डॉक्टरसमोर माणूस सदऱ्याची बटणं लावून बसतो आणि औषध घ्यायला खिडकीशी आला की मोकळा होतो. पण आजवर या गमती सांगताना एक गोष्ट मी दर वेळी गाळत आलो. या खेपेला तीच सांगायची आहे.

श्रीवर्धनातली जुनी माणसं अजून म्हणतात की धोंडू पाडेली अफू खाऊन सुपारी काढायला पोफळीवर चढला आणि पडला. ते खोटं आहे. त्या दिवशी त्याच्या पोटात अफूचा कण नव्हता. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याच्या गोळ्या मी वळल्या होत्या.

गोळ्या वळल्या म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. हल्ली गोळी पाकिटातून येते. आमच्या वेळी ती हाताने करायची वस्तू होती. खलात चूर्ण घोटायचं, मधात मळायचं, त्याची लांब वळी करायची, फरशीवर आखलेल्या रेघांवर ठेवून पातळ सुरीने सारखे तुकडे करायचे आणि एकेक बोटाने गोल करायचा. एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ज्येष्ठमधाच्या पुडीत घोळवायच्या. पातळ औषधासाठी लोक घरची बाटली आणत. तिला खोबरेलाचा नाहीतर रॉकेलचा वास असे. ती घासून मी तिच्यावर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी, एक खाच उतरेल एवढं औषध म्हणजे एक डोस. बोर्लीचे एक आजोबा दर वेळी ती पट्टी सोलून खात आणि औषध तुळशीत ओतत. पट्टीने गुण आला असं ते चारचौघांत सांगत. तुळसही बरी होती.

मी सांगतो तो काळ एकोणीसशे पंचवीसच्या आसपासचा. अफू परवान्याच्या दुकानात उघड मिळे. खलाशी ती थंडीवाऱ्यासाठी खात, सुपारी काढणारे पाडेली कंबरेसाठी खात, आणि आया रडक्या पोरांना बोटभर चाटवत. माणूस कामाला जातो आहे तोवर कुणी काही म्हणत नसे. कामाला जाईनासा झाला की त्याला धरून आमच्याकडे आणत.

गणपुले डॉक्टरांना व्यसनी माणसांचा कंटाळा नव्हता, उलट थोडा शौकच होता. आमच्या शाळेतले एक मास्तर तपकिरीपायी बेजार झाले होते. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, डबी उपरण्यात बांधा आणि वर सात गाठी मारा. तल्लफ आली की सातही गाठी सोडायच्या, मगच चिमूट घ्यायची. तेवढ्यात तल्लफ निघून जाईल. महिन्याने मास्तर आले ते सातही गाठी एका हिसक्यात सोडून दाखवायला. तपकीर दुप्पट झाली होती आणि गाठींत मात्र त्यांचा हात धरणारा श्रीवर्धनात कुणी उरला नव्हता.

अफूबद्दल मात्र डॉक्टरांची रीत पक्की होती. ते म्हणत, अफू एकदम बंद करायची नाही, जिना उतरवतात तसं माणसाला पायरीपायरीने खाली आणायचं. माणूस रोज खातो तेवढीच अफू पहिल्या आठवड्यात गोळ्यांत घालायची. दुसऱ्या आठवड्यात गोळ्या तेवढ्याच, आकार तोच, पण आत अफू थोडी कमी आणि काडेचिराईत थोडं जास्त. असं करत सहाव्या-सातव्या आठवड्याला गोळीत नुसतं ज्येष्ठमध आणि चिराईत उरे. अफू कधी संपली ते रोग्याला आठवड्याने सांगायचं. मी या गोळ्या अशा वळत असे की आतला फरक जिभेला कळू नये. याचा मला फार अभिमान होता. तोच पुढे नडला.

पहिला मोठा रोगी इब्राहिम तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य खलाशी. सहा फूट उंच आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडी आपोआप वळावी. मचव्याच्या मालकाने त्याला बजावलं होतं, नारळी पौर्णिमेपर्यंत अफू सुटली तर मचवा तुझा, नाहीतर दुसरा तांडेल बघतो. पावसाळा लागला की तोवर मचवे माडाच्या झापांनी झाकून किनाऱ्यावर ओढलेले असतात. तेवढीच मुदत होती.

चार आठवडे नीट गेले. पाचव्या आठवड्याच्या गोळ्या वळून, पुडी बांधून मी तांडेलाच्या बहिणीच्या हाती दिली. फरशी पुसायला वळलो तर तराजूच्या पारड्यात अफूची तोललेली पुडी तशीच! मी नुसत्या ज्येष्ठमध आणि चिराइताच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन पायऱ्या गाळून माणसाला खाली ढकललं होतं.

मी सांगायला हवं होतं. डॉक्टर काय म्हणतील या भीतीने दोन दिवस गप्प बसलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हळूच तांडेलाच्या घरी गेलो. पडवीभर मचव्याचं शीड पसरलेलं. पाचसहा खलाशी मांडी घालून दाभणाने त्याला ठिगळं लावत होते. मधोमध तांडेल. नाक गळत होतं, डोळे लाल, अंगावर काटा.

"ये, कंपौंडर, ये! तू माझा दुश्मन हायस," तो गरजला. "तुझ्या गोळीत अफू हाय का बकऱ्याची लेंडी? पायांत गोळे येतात, झोप न्हाय, आणि ही बाय मला म्हणते शीड शीव!"

ही बाय म्हणजे त्याची थोरली बहीण हलीमाबी. विधवा, हडकुळी, तोंडात पान. उंबऱ्यात बसून ती सुतळीला मेण लावत होती. वर न बघता म्हणाली, "हातभर शीव, मग सांग."

"अगे, जीव चाललाय माझा."

"जाऊ दे. हातभर शिवून जाऊ दे."

खलाशी हसले. तांडेलाने शिडाला एक कचकचीत शिवी घातली आणि दाभण खुपसलं. शिवी द्यायची ती शिडाला, माणसाला नाही, असा त्या पडवीचा कायदा होता. या शिडाला यंदा इतक्या शिव्या बसल्यात की वारा आत शिरताना विचार करील, असं एक खलाशी म्हणाला. हातभर शिवून झाल्यावर हलीमाबीने विचारलं, "आता सांग, काय म्हणत होतास?" तांडेलाने नाक पुसलं. "काय न्हाय," म्हणाला, "पेज हाय का?"

पेज होती. गरम खोबरेल होतं, ते त्याच्या पोटऱ्यांना चोळायला एक खलाशी पाळीने उठे. आठवडा संपला तेव्हा तांडेल वाळला होता पण ताळ्यावर होता, आणि रात्री झोपत होता. नारळी पौर्णिमेला मचवा त्यालाच मिळाला. मालकाने डॉक्टरांना शाल दिली आणि मला फेटा. माझ्या गोळ्यांना हात लावील त्याचं व्यसन सुटतं, असं बाजारात झालं. मी फेटा बांधून तीनदा बाजारातून फिरलो.

हलीमाबी तेव्हा एकदा खिडकीशी आली होती, खोकल्याच्या औषधाला. मी मोठेपणाने म्हटलं, "झाला ना तांडेल बरा?"

ती म्हणाली, "तल्लफ भरतीसारखी येते बाबा. वाटतं आता घर बुडणार. पण टिकते किती? हातभर शिवण होईस्तोवर. तेवढा वेळ माणसाला एकटं सोडायचं न्हाय नि हात रिकामा ठेवायचा न्हाय. तुझी गोळी कडू होती, तोंड वाईट करायला बरी."

मी हसलो. खोकल्याचं औषध दिलं. तिने जे सांगितलं ते वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकाच्या तोलाचं होतं, हे कळायला मला पुढे फार महाग पडलं. म्हणजे मला नाही, धोंडूला पडलं.

धोंडू पाडेली बुटका, रोठा सुपारीसारखा टणक. पायांत दोरीचा फासा अडकवून पोफळीवर सरसर चढे, शेंड्याशी जाऊन झाड झुलवी आणि झुलता झुलता शेजारचं झाड धरून तिकडे जाई. सकाळी एकदा चढला की दुपारी जेवायलाच उतरे. वर बसून तो साऱ्या आळीची बातमी देई. "कंपौंडर, तुमच्याकडं आज बोंबील! मास्तरांकडं काल्चंच पिठलं!" बायका खालून ओरडत, हा वरून हसे. अफू कंबरेसाठी सुरू झाली होती ती आता सकाळ-संध्याकाळ लागे. वाडीच्या मालकाने त्याला सांगितलं, यंदाची सुपारी उतरायच्या आत अफू सोड, नाहीतर वाडी सोड. धोंडूची झोपडी वाडीतच होती.

दिवाळी झाल्यावर तो बायकोला घेऊन आला. तिचं नाव सखू. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, पहिला आठवडा पूर्ण मात्रा. मी सांगेपर्यंत झाडावर चढायचं नाही, असंही म्हणाले. आणि त्याच दुपारी मुलीच्या लग्नासाठी पुण्याला गेले.

मी खल पुढे ओढला आणि विचार करत बसलो. तांडेल दोन पायऱ्या गाळून उतरला होता, त्याचं काय बिघडलं? मग सगळा जिना कशाला? अफू नावाला असते, खरं काम माझ्या गोळीचं आणि रोग्याच्या विश्वासाचं. डॉक्टर परत येतील तेव्हा धोंडू बरा झालेला दाखवीन. दुसरा फेटा मला दिसू लागला. मी अफूची बाटली उघडलीच नाही.

पुडी देताना धोंडूने विचारलं, "चढू का? मालक सारखा इचारतोय."

मी म्हटलं, "चढ की. औषध घेतोयस ना?"

ते दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा पुन्हा ऐकले, सांगता येणार नाही.

तिसऱ्या सकाळी सखू खिडकीशी आली. "रातभर जांभया देतोय. नाक गळतंय, पोट धरत न्हाय, पोटऱ्यांत गोळे येऊन वरडतोय. आज नगं चढू म्हनलं तर म्हनतो, कंपौंडरानं सांगितलंय."

प्रत्येक लक्षण मला पाठ होतं. मी म्हटलं, "औषध लागू पडतंय, सखूबाई. आणखी दोन दिवस."

ती घरी पोचण्याआधी धोंडू झाडावरून पडला होता. शेंड्यावर पायात गोळा आला, फासा सुटला. खाली सुपारीच्या झावळ्यांचा ढीग होता म्हणून जीव वाचला. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने पट्ट्या बांधल्या.

डॉक्टर परतले ते थेट त्याच्याकडे गेले आणि तिथून दवाखान्यात आले. "गोळ्या लिहिल्या होत्या तशाच दिल्यास?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग याने वरून चोरून खाल्ली असणार. नशेत तोल गेला." त्यांनी रोग्यांची नोंदवही माझ्याकडे सरकवली. "लिही तसं."

मी लिहिलं. 'रोग्याने औषधाखेरीज चोरून अफू खाल्ली व त्या अमलात झाडावरून पडला.' माझं अक्षर त्या काळी फार सुरेख होतं.

दुसऱ्या दिवशी सखू रस्त्यात उभी राहून ओरडली, "माझ्या मानसानं खाल्ली न्हवती! मी त्याच्या उशाशी हुते!" बाजार हसला. अफूवाल्याची बायको आणखी काय म्हणणार? मी खिडकीत मिक्श्चर मापत होतो. एक थेंब सांडला नाही. माझा हात हलला नाही, याचंच आज नवल वाटतं.

मालकाने झोपडी काढून घेतली. अफूबाजाला वाडीची राखणसुद्धा देणार नाही, म्हणाला. वर हाडाच्या कळा थांबाव्यात म्हणून डॉक्टरांना अफूचंच औषध द्यावं लागलं. मी जे एकदम तोडलं होतं ते पुन्हा चमच्याने सुरू झालं.

इथे हलीमाबी आली. बैलगाडी घेऊनच आली. सखूला म्हणाली, "याला चढता येत न्हाय ना? म्हणजे पळताही येणार न्हाय. असला रोगी मला पायजेच होता. घाल गाडीत." दोघांना तिने आपल्या मागच्या खोलीत ठेवलं आणि धोंडूची बाज पडवीत आणली.

मी डॉक्टरांच्या रीतीने त्याच्या गोळ्या वळू लागलो. या खेपेला प्रत्येक पायरी तीनतीनदा तोलली. शिवणात मात्र धोंडूचा हात बसेना, दाभण बोटात जाई. तेव्हा हलीमाबीने त्याच्यासमोर काथ्याचा ढीग टाकला. "हातभर दोरी वळ, मग सांग."

तो वळू लागला. पुढच्या पावसाळ्यात तांडेल परत आला आणि बाजेशी बसून त्याला शिव्यांचे नवे प्रकार शिकवू लागला. धोंडूही कमी नव्हता. "तांडेल, तुमच्या शिव्यांना दर्याचा खारा वास येतोय. झाडावरच्या ऐका," म्हणून सुरू होई. त्या पडवीतलं हसणं दवाखान्यापर्यंत ऐकू येई. नारळी पौर्णिमेपर्यंत अफू संपली होती आणि धोंडूने वळलेली दोरी तांडेलाच्या मचव्यावर चढली होती. पाय कायमचा आखूड राहिला.

नंतरची दहा वर्षं ती पडवी म्हणजे आमच्या दवाखान्याचा अर्धा भाग होता. डॉक्टर शहाणे होते, गोळ्या लिहिल्या की खाली पडवीचा पत्ता लिहीत. हलीमाबी थकली आणि तिची जागा धोंडूने घेतली. अफूवाले आले, ताडीवाले आले, एकदा घाटावरचे एक बडे गृहस्थ दोन नोकरांसह आले. धोंडूने नोकरांनाही काथ्या दिला. रोग्याला काय होतंय हे त्याला सांगावं लागत नसे, जांभई कशी आली यावरून तो कितवा दिवस ते ओळखी. पोटऱ्यांना तेल चोळणं, भरपूर पेज, ओहोटीच्या वेळी वाळूत सगळ्यांनी मिळून चालणं, हे हलीमाबीचंच त्याने पुढे चालवलं. कुणी पुन्हा अफू खाऊन आला तर त्याला हाकलत नसे. म्हणे, "पडलास? मी पोफळीवरनं पडलोय. तू कुठनं पडलास?" तो माणूस हसे आणि काथ्या ओढून बसे. आमचे तपकिरीचे मास्तर शेवटी तिथेच सुधारले. गाठी मारण्यात तर पडवीत त्यांची बरोबरी कुणाला करता आली नाही.

गावात मात्र त्याचं नाव अफूवाला धोंडूच राहिलं. लोक आपल्या मुलाला व्यसन सोडवायला त्याच्याकडे आणत आणि परत जाताना म्हणत, अफू खाऊन पडला तोच हा.

एकोणीसशे अडतीसच्या सुमारास डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मला मुरुडला नवी नोकरी लागली होती. जुने कागद आवरताना ती नोंदवही हाती आली. पान उघडलं. शाई अजून काळीभोर होती. वही बगलेत मारून मी भर दुपारी पडवीत गेलो.

धोंडू एकटाच वळत बसला होता. हलीमाबीला जाऊन दोन वर्षं झाली होती. "या कंपौंडर. मुरुडला चाललात म्हनं?"

मी बसलो. वही पुढे ठेवली. दोनदा खाकरलो. धोंडूने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि काथ्याची एक जुडी माझ्या मांडीवर टाकली.

"हातभर वळा," म्हणाला, "मंग सांगा."

आयुष्यभर गोळ्या वळलेल्या बोटांना दोरी जमत नव्हती. तळवे सोलले. हातभर दोरी झाली, वाकडीतिकडी, आणि मी सगळं सांगितलं. पारड्यातली पुडी, फेटा, न उघडलेली बाटली, 'चढ की', वहीतली ओळ. आतून सखू येऊन दारात उभी राहिली होती.

धोंडूने हातातला पेड वळून संपवला. मग त्याला हसू फुटलं. "आनि मी बारा वर्सं त्या पोफळीला शिव्या घालतोय! सखे, ऐकलंस का? बिचारं झाड!"

सखू हसली नाही. ती म्हणाली, "मी सांगत हुते."

"व्हय, तू सांगत हुतीस," धोंडू म्हणाला. मग माझ्याकडे वळून, शांतपणे, "पन कंपौंडर, हे मला सांगून काय उपेग? मी खाल्ली न्हवती ते मला ठावं हाय. तिला ठावं हाय. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

खरंच सांगायचं ठरवून मी उठलो. बाजाराच्या तोंडाशी वाण्याने विचारलं, "काय, अफूवाल्याकडून का?"

मी म्हणालो, "हो."

आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मुरुडला गेलो. चाळीस वर्षं झाली. धोंडू गेला, सखू गेली. वाणीही गेला, त्याला तर आता सांगताच येणार नाही. पण त्याच्या दुकानात बसणारी मुलं-नातवंडं आहेत, आणि ती दिवाळी अंक वाचतात असं ऐकतो. हे त्यांच्यासाठी.

नोंदवही समोर आहे. त्या ओळीवर आज रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'रोग्याने अफू खाल्ली नव्हती. कंपौंडरने औषधातली अफू डॉक्टरांस न विचारता काढली व रोग्यास झाडावर चढण्यास सांगितले. रोग्याची पत्नी खरे बोलत होती.'

अक्षर आता पूर्वीसारखं सुरेख राहिलेलं नाही. पण वाचता येतं.